रात्रीचं ओलित आणि शरीरातलं घड्याळ

गव्हाची_ओंबी (रात्री ९:१०)

रब्बीचं ओलित सुरू झालं. हरभऱ्याचं पाणी, गव्हाचं पाणी, तुरीच्या शेंगा भरायच्या म्हणून तिकडेही थोडं. आणि शेतीची लाईन, म्हणजे वीज, आठवड्यातले काही दिवस दिवसा, बाकीचे दिवस रात्री. रात्रीच्या लाईनीचा विषय निघाला की आपण सापाचं बोलतो, विंचवाचं, थंडीचं, रानडुकराचं, चंद्रपूर-गडचिरोलीकडे वाघाचं. ती भीती खरीच आहे. पण या अदलाबदलीनं माणसाच्या शरीराच्या आत काय होतं त्यावर मी गावात कुणाला बोलताना ऐकलं नाही. मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. घरचं वावर आहे, भाऊ ओलिताला जातो. म्हणून हा धागा.

आपल्याला झोप येते ती नुसती थकल्यामुळे नाही. तिच्यामागे दोन वेगळ्या गोष्टी असतात. अलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञानं १९८२ मध्ये ही मांडणी केली आणि आजही ती धरूनच अभ्यास होतो. पहिली गोष्ट म्हणजे झोपेचा दाब. जितका वेळ जागे राहाल तितका तो वाढतो. मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं, त्याचा यात मोठा वाटा आहे. चहा-कॉफीतलं कॅफिन या ॲडेनोसिनची मेंदूतली जागा अडवतं, म्हणून तरतरी वाटते. दाब मात्र आत तसाच वाढत असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे घड्याळ. डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या अगदी वर पेशींचे दोन इवलेसे पुंजके आहेत. दोन्ही मिळून जेमतेम २० हजार पेशी. शरीरातलं मुख्य घड्याळ ते. यकृत, स्वादुपिंड, हृदय, स्नायू, सगळ्यांची आपापली घड्याळं आहेतच, पण भजनात मृदंगाच्या ठेक्यावर टाळ चालावेत तशी ती या पुंजक्यांच्या ठेक्यावर चालतात. रात्र झाल्याची खूण देणारं मेलॅटोनिन हे संप्रेरक कधी सुटायचं, पहाटे शरीराचं तापमान किती उतरायचं, उठायच्या आधी कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरक कधी वाढायचं, हे सगळं तिथून ठरतं.

हे घड्याळ उजेड नसला तरी चालतं, हा शोध झाडावरून लागला. १७२९ मध्ये दमेरां या फ्रेंच शास्त्रज्ञानं लाजाळूसारखं एक रोप अंधारात ठेवलं. ऊन दिसत नसतानाही त्याची पानं दिवसाच्या वेळी उघडायची आणि रात्री मिटायची. माणसाचं घड्याळ आपल्या मनानं चालू दिलं तर ते सरासरी २४ तास आणि १० ते १२ मिनिटांचं निघतं. म्हणजे ते रोज थोडं मागे पडतं आणि रोज सकाळचा उजेड त्याला जागेवर आणतो. डोळ्याच्या पडद्यात यासाठी वेगळ्याच पेशी आहेत. त्या चित्र बघायचं काम फारसं करत नाहीत. त्यांच्यातलं मेलॅनॉप्सिन नावाचं द्रव्य निळसर उजेड टिपतं आणि थेट त्या पुंजक्यांना कळवतं. म्हणूनच नजर गेलेल्या काही माणसांचंही घड्याळ नीट चालतं, कारण त्यांच्या या पेशी शाबूत असतात.

पेशीच्या आत ते चालतं कसं, हे फळमाशीवर उलगडलं. केळं जास्त पिकलं की त्यावर घोंघावते तीच. तिच्या पीरियड नावाच्या जनुकापासून एक प्रथिन तयार होतं, ते रात्रभर साचतं, पुरेसं साचलं की स्वतःच्याच जनुकाला थांबवतं, मग दिवसा विघटित होतं आणि पुन्हा पहिल्यापासून. एक फेरा २४ तासांचा. या कामासाठी हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं.

आता ओलिताकडे येते. रात्रभर पाणी धरलेला माणूस सकाळी ७ ला घरी येतो. झोपेचा दाब भरपूर असतो, म्हणून अंग टाकताच झोप लागते. पण त्याच वेळी घड्याळ सांगत असतं की दिवस उजाडला. शरीराचं तापमान चढू लागलेलं असतं, मेलॅटोनिन ओसरलेलं असतं. दोनतीन तासांत दाब थोडा उतरला की घड्याळ जिंकतं आणि डोळा उघडतो. रात्रपाळी करणाऱ्यांची दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा एक ते चार तासांनी तोकडी पडते ती याच कारणानं.

घड्याळ सरकतं का? सरकतं, पण दिवसाला साधारण तासभर. आठ-दहा तास सरकायला आठवड्याहून जास्त लागेल. तोवर लाईन दिवसाची होते. शिवाय घरी येताना डोळ्यांवर सकाळचं ऊन पडतं. पहाटे ४ च्या आसपास शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं. त्याआधी पडलेला उजेड घड्याळाला उशिराकडे ढकलतो, त्यानंतरचा लवकरच्या बाजूला. म्हणजे सकाळचं ऊन घड्याळाला ज्या दिशेला जायला हवं तिच्या उलट ढकलतं. शरीर ना रात्रीचं होतं ना दिवसाचं राहतं.

कारखान्यातल्या रात्रपाळीचा निदान अभ्यास झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ मध्ये घड्याळ बिघडवणाऱ्या पाळ्यांना बहुधा कर्करोगकारक अशा गटात टाकलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून रात्रपाळी त्याच गटात ठेवली. कास्तकाराच्या रात्रीला मात्र कुणी पाळी म्हणतच नाही. तिचा भत्ता नाही, सुट्टी नाही, तपासणी नाही. मला हे मनापासून चुकीचं वाटतं.

तुमच्याकडे कसं चालतं ते लिहा. किती झोप होते, दिवसा लागते का, काय त्रास होतो.

---

धुऱ्यावरचा_पयस (रात्री ९:५५)

ताई, बराबर लिहिलं तुम्ही. आमच्याइकडं या हप्त्यात लाईन रातच्याले येते. मोटर चालू करून घरी यावं म्हटलं तर जमत नाही, दांड फोडा लागते, दुसऱ्या सरीत पाणी वळवा लागते. स्प्रिंकलर असलं तरी पाईप बदलवा लागतेच. मंधात लाईन गेली त कधी येईन याचा भरोसा नाही, मंग तिथंच शेकोटी करून बसा लागते.

सकारी घरी आलो का झोपतो. पण दहा वाजता डोळा उघडतेच उघडते. ढोरं असतात, माणसं येतात, डोकं जड रायते दिवसभर. मले वाटे का माह्याच झोपेत काही खोट हाये. भूकबी अजब लागते, जेवाच्या वक्ताले नाही अन् भलत्याच वक्ताले. लाईन दिवसाची झाली तरी दोनतीन रात डोळा लागत नाही.

मायं इचारणं हे का घरी आल्यावर झोपावं का सांजच्याले झोपून मंग जावं? बायको म्हणते सांजी झोपा. मी पडतो पण झोप येतच नाही.

---

गव्हाची_ओंबी (रात्री १०:२०)

दादा, तुमच्या झोपेत खोट नाही. संध्याकाळी ७ ते ९ ही वेळ झोपायला सगळ्यात अवघड. दिवसभराचा दाब वाढलेला असतो, पण त्या वेळी घड्याळ जागेपणाचा जोरही सगळ्यात जास्त लावतं, नाहीतर माणूस दिवस मावळतानाच पेंगला असता. रोजच्या झोपेच्या वेळेआधीचे दोनतीन तास असेच असतात. त्यामुळे वहिनींचं म्हणणं काळजीचं असलं तरी शरीर ऐकत नाही.

त्यापेक्षा दुपारी १ ते ३ मध्ये पडा. दुपारी घड्याळाचा जोर थोडा उतरतो. आपण जेवणाला दोष देतो, पण न जेवताही ही सुस्ती येते. ज्या रात्री ओलित आहे त्या दुपारी दीड तास झोप मिळाली तर पहाटेच्या वेळी बराच फरक पडतो. दीड तास का, तर झोपेचा एक फेरा साधारण ९० मिनिटांचा असतो. तेवढा वेळ नसेल तर २०-२५ मिनिटंच झोपा. मधेच, गाढ झोपेतून उठलात तर बराच वेळ जडपणा जात नाही.

---

पांढरा_कोट_नाही (रात्री १०:४१)

मी ग्रामीण भागात परिचारिका आहे. ओंबीताईंनी झोपेचं लिहिलं, मी पोटाचं लिहिते.

साखरेच्या आणि बीपीच्या तपासणीला येणाऱ्या पुरुषांना मी हल्ली ओलिताबद्दल विचारते. रात्री २ वाजता वावरात भाकर-ठेचा किंवा घरून नेलेला भात खाणारे पुष्कळ आहेत. थंडीत भूक लागते, खाऊ नका असं कोण म्हणेल. पण रात्री इन्सुलिनचं काम मंदावलेलं असतं. तेच जेवण सकाळी घेतलं तर साखर जितकी चढते त्याहून रात्री जास्त चढते आणि जास्त वेळ चढलेली राहते. यकृताचं घड्याळ उजेडापेक्षा जेवणाच्या वेळेवर जास्त चालतं. रात्री भरपेट खाल्लं की मेंदू म्हणतो रात्र आहे आणि यकृत म्हणतं दिवस आहे. पयसदादा, तुमची अवेळी भूक यातूनच येत असावी.

म्हणून मी सांगते की मुख्य जेवण घरून निघायच्या आधी करा. रात्री शेंगदाणे, फुटाणे, एखादं फळ एवढंच. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल तर मात्र वेळा स्वतःच्या मनानं बदलू नका. डॉक्टरांना सरळ सांगा की आठवड्यातले इतके दिवस मी रात्री जागा असतो. हे कुणी सांगतच नाही आणि डॉक्टरांनाही विचारायचं सुचत नाही.

आणखी एक, झोपेशी संबंध आहे म्हणूनच लिहिते. लाईन येईपर्यंत वावरात, खोपडीत जमिनीवर अंग टाकू नका. मण्यार निशाचर आहे, तिचं घड्याळ आपल्या बरोबर उलटं. जमिनीवर झोपलेल्या माणसालाच ती जास्त चावते. दात बारीक असतात, दुखत नाही, सूज येत नाही, झोपेत कळतही नाही. मग पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, बोलता येत नाही, श्वास अडकतो. पापण्या जड होणं हे झोपेचं लक्षण समजून माणसाला तसंच पडू दिलं तर जीव जातो. बाज न्या, मच्छरदाणी नीट खोचा, आणि शंका आली की १०८.

---

वडसा_मंडई (रात्री ११:०५)

ओलिताचा अनुभव नाही पण रात्रीचा आहे. झाडीपट्टीत दिवाळी झाली की नाटकं सुरू होतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, चारही जिल्ह्यांत मंडई म्हणजे गावची जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, यांच्या निमित्तानं प्रयोग लागतात. वडसा म्हणजे देसाईगंजला मंडळांची कार्यालयं आहेत. पडदा रात्री दहाअकराला उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. मी वाद्यवृंदात असतो. प्रयोग संपला की सामान गाडीत, आणि कधीकधी दुसऱ्या दिवशी दुसरं गाव.

मला एक दिसतं. हंगाम भरात असला, रोज प्रयोग असला, की शरीर जुळवून घेतं. दुपारपर्यंत झोप बरी लागते. हाल होतात ते मधे चारपाच दिवस खाडा पडून पुन्हा प्रयोग लागतो तेव्हा. ओंबीताईंचं वाचून हे का ते कळलं.

आमच्यातला सगळ्यात वाईट वेळ प्रयोगाचा नाही, परतीच्या गाडीचा. पहाटे ४ ते ६. ड्रायव्हरही नाटक बघत जागलेला असतो.

---

गव्हाची_ओंबी (रात्री ११:३०)

वडसाभाऊ, तुमच्या ड्रायव्हरची काळजी मला सगळ्यात जास्त वाटली. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियात डॉसन आणि रीड यांनी मोजून पाहिलं. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाच्या हाताचा आणि डोळ्याचा मेळ रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका घसरतो. आपल्या मोटार वाहन कायद्यात मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. सकाळी सहाला उठलेला ड्रायव्हर रात्री अकरालाच त्या मर्यादेच्या पुढे गेलेला असतो, आणि थेंबभर घेतलेली नसते. पहाटे ४ ला तर तापमानही सगळ्यात खाली. दाब आणि घड्याळ दोन्ही त्याच्या विरोधात. नाटक सुरू असताना ड्रायव्हरला गाडीत झोपू देणं हा मंडळाचा नियमच असायला हवा.

मोटरसायकलवरून वावरातून परतणाऱ्यांनाही हेच लागू आहे. डोळे मिटताहेत असं वाटलं तर धुऱ्यावरच बाजेवर २० मिनिटं पडा, मग निघा.

---

जुनं_खोड (सकाळी ५:५०)

माझं वय झालं. आमच्या लहानपणी गावात वीज नव्हती. दिवेलागणीला जेवण, लगेच झोप, कोंबडा आरवला की उठायचं. मोट सकाळी आणि संध्याकाळी, भर दुपारी बैलाला विश्रांती. रात्री कुणी ओलित करत नव्हतं. झोपेची गोळी कुणी पाहिली नव्हती. निसर्गाप्रमाणे चालायचं सोडलं तिथून हे सुरू झालं असं माझं मत आहे. पण विज्ञान काय म्हणतं ते ओंबीताईंनी सांगावं.

---

गव्हाची_ओंबी (सकाळी ७:१५)

काका, नमस्कार. तुमचं निम्मं अगदी बरोबर आहे आणि निम्म्याला मला थोडी जोड द्यायची आहे.

टांझानियातले हाडझा, नामिबियातले सान आणि बोलिव्हियातले त्सिमाने, असे वीज नसलेले तीन समाज घेऊन झालेला अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. लोकांच्या मनगटावर यंत्रं बांधून झोप मोजली होती. ते सूर्य मावळताच झोपत नव्हते. सरासरी तीन तासांहून जास्त वेळ शेकोटीभोवती जागे असायचे. झोप सहा-सात तासांची, कधी त्याहूनही थोडी कमी. म्हणजे जुने लोक नऊदहा तास झोपायचे असं काही नाही. पण झोपायची आणि उठायची वेळ मात्र बांधलेली होती, बहुतेक जण सूर्य उगवायच्या आधी उठायचे, आणि झोप हवा थंड होत जाण्याशी जुळलेली होती. दिवसभर ते लख्ख उजेडात असायचे. तुमच्या लहानपणीही तेच होतं. मोकळ्या उन्हात एक लाख लक्स उजेड असतो, घरातल्या ट्यूबलाईटखाली शेदोनशे, पुनवेच्या चांदण्यात अर्धासुद्धा नाही. दिवस आणि रात्र यातलं हे अंतर घड्याळाला लागतं. आता दिवस घरात अंधुक झाले आणि रात्री उजळ झाल्या.

कोंबड्याचं म्हणाल तर जपानच्या नागोया विद्यापीठात २०१३ मध्ये कोंबडे सतत मंद उजेडात ठेवून पाहिले. पहाट दिसत नसतानाही ते पहाटेच्या वेळेला आरवत राहिले. त्यांनाही आतूनच कळतं. पुढे असंही दिसलं की कळपातला वरचढ कोंबडा आधी आरवतो आणि बाकीचे त्याच्या मागून.

---

सोयाबीनचा_सोबती (सकाळी ८:३०)

कृषी पदवीधर आहे, बुलढाणा जिल्हा. घड्याळाचा विषय निघाला आणि सोयाबीन आलं नाही असं कसं होईल.

सोयाबीनला फूल धरायला रात्र किती लांब आहे हे मोजता यावं लागतं. १९२० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि ॲलार्ड यांनी हे दाखवलं, तंबाखू आणि बिलॉक्सी नावाच्या सोयाबीनवर. वेगवेगळ्या तारखांना पेरलेलं बिलॉक्सी जवळपास एकाच सुमाराला फुलायचं, कारण ते पेरणीचे दिवस मोजत नव्हतं, दिवसाची लांबी बघत होतं. नंतर कळलं की खरं मोजमाप अंधाराचं असतं. लांब रात्रीच्या मधे थोडा वेळ उजेड पाडला तरी रोपाला ती रात्र छोटी वाटते.

आपल्या गावात हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. हायमास्टच्या किंवा रस्त्याच्या दिव्याच्या उजेडात येणाऱ्या सोयाबीनच्या ओळी पाहा. बाकी वावर पिवळं पडून पानगळ झालेली असते आणि त्या ओळी हिरव्यागार, शेंगा कमी. लोक म्हणतात तिथं खत जास्त पडलं. ते उजेडानं होतं. तूरही आखूड दिवसाचंच पीक आहे. दिव्याखालच्या तुरीला बहर उशिरा येतो.

झाडाची रात्र मोडली तर उतारा कमी येतो हे आपण मान्य करतो, वावरात जाऊन दाखवतो. माणसाच्या रात्रीचं मात्र कुणी मोजत नाही.

---

मोहफूल (सकाळी १०:०२)

गडचिरोली जिल्ह्यातून. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायला बाया पहाटे ३-४ ला उठून जंगलात जातात. फुलं रात्री उमलतात आणि पहाटे गळतात. उशीर झाला की ढोरं, हरणं खातात. मग मे महिन्यात तेंदूपत्ता, तोही उन्हाच्या आधी. हे ओलितासारखंच नुकसान करतं का? माझी आई आयुष्यभर हेच करत आली. दुपारी ती हमखास झोपते आणि आम्ही तिला नावं ठेवत नाही.

---

गव्हाची_ओंबी (सकाळी १०:४०)

मोहफूल, आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचं वेगळं आहे. वेळ लवकरची आहे पण रोज तीच आहे, आणि संपूर्ण हंगाम तीच राहते. लवकर झोपणं जमलं तर घड्याळ तिकडे सरकून बसतं. पहाटेनंतरचा उजेडही त्याच दिशेला मदत करतो. कमी पडते ती झोपेची लांबी, कारण बाई पहाटे ३ ला उठली तरी रात्रीची भांडी तिलाच असतात, आठला कुठून झोपणार. शिवाय आपली स्वप्नांची झोप मुख्यतः रात्रीच्या शेवटच्या भागात असते, आणि तोच भाग कापला जातो. दुपारी त्या झोपतात ते उत्तमच. झोपू द्या.

तुमच्या मोहावर वटवाघळं येतात ना? वटवाघळांवरून एक सांगावंसं वाटतं, कारण आपल्या देशातलं काम आहे आणि पाठ्यपुस्तकात सापडत नाही. मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनी गुहेतल्या वटवाघळांच्या घड्याळावर वर्षानुवर्षं काम केलं. गुहेच्या खोल अंधारात पिंजऱ्यात ठेवलेलं वटवाघूळ, उजेड दिसत नसतानाही, बाकीच्या मोकळ्या वटवाघळांच्या जाण्यायेण्यावरून आपली वेळ बरोबर ठेवायचं. सोबतीचीही घड्याळाला खूण मिळते, निदान त्या वटवाघळांना. माणसावर सगळ्यात जास्त जोर उजेडाचाच चालतो.

---

धुऱ्यावरचा_पयस (दुपारी १२:२०)

सगळ्याइचं वाचलं. आता एक खरं इचारतो. आमच्याइकडं सकारी येऊन थोडी घेतल्याबिगर झोपच येत नाही म्हणणारे लय हायेत. मी घेत नाही, पण माहा शेजारी घेते. तो म्हणते तेच्यानं गाढ झोप लागते. अन् मेडिकलात मेलॅटोनिनची गोळी भेटते म्हणते, ते घेतली त चालते का?

---

पांढरा_कोट_नाही (दुपारी १:०५)

दारूनं डोळा लवकर लागतो हे खरं. पण दोनतीन तासांत ती शरीरातून उतरू लागली की झोप तुटत जाते, आणि स्वप्नांची झोप दबते. घोरणंही वाढतं, श्वास अडकणाऱ्यांना तर जास्तच. आधीच दिवसाची झोप तोकडी, त्यात हे. रोज लागू लागली की मग दारूशिवाय झोप येतच नाही, आणि माणूस समजतो की झोपेसाठी घेतो. शेजाऱ्यांना हे तुम्हीच शांतपणे सांगा, मित्राचं ऐकतात.

मेलॅटोनिनची गोळी ही गुंगीची गोळी नाही. ती घड्याळाला रात्र झाल्याची खूण देते, म्हणून ती कधी घेतली यावर सगळं अवलंबून. भलत्या वेळेला घेतली तर घड्याळ भलतीकडे सरकतं. बीपीच्या, रक्त पातळ करायच्या, फिटच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

---

गव्हाची_ओंबी (दुपारी २:३०)

पयसदादांच्या प्रश्नामुळे आता करता येण्यासारखं लिहिते. दिवसा वीज मिळणं हाच खरा उपाय, यावर माझं मत पक्कं आहे. २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे, तिचा उद्देशच शेतीला दिवसा वीज देण्याचा आहे. आपल्या फीडरचं काय झालं हे ग्रामसभेत विचारा, आणि विचारताना साप-विंचवाबरोबर आरोग्याचंही कारण लेखी मांडा. ज्यांच्याकडे सौर पंप बसले त्यांनी पाण्याचं जसं सांगावं तसं झोपेचंही सांगावं.

तोवर, सकाळी घरी येताना उन्हाकडे तोंड नको. दुपट्टा डोक्यावरून कपाळाखाली ओढा किंवा काळा चष्मा लावा. गाडी चालवताना नाही, पायी असाल किंवा मागे बसला असाल तेव्हाच. घरी आलं की चहा न घेता हातपाय धुऊन लगेच झोपा. चहा प्यायचा तर रात्रीच्या पहिल्या भागात. कॅफिन अर्धं उतरायला पाचेक तास लागतात, पहाटे ४ चा चहा सकाळी ९ लाही अर्धा शिल्लक असतो. खोली शक्य तितकी अंधारी करा, खिडकीला जाड घोंगडी लावली तरी चालेल, फोन बाहेर ठेवा. कोमट पाण्यानं पाय धुतले तर आणखी बरं. हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावल्या की आतली उष्णता बाहेर पडते, आणि तापमान उतरलं की झोप येते. उन्हाळ्यात संत्र्याच्या ओलितावाल्यांनी कूलर लावून झोपावं तेही यासाठीच. ४५ अंशांच्या दिवसात पत्र्याच्या खोलीत दिवसा झोप लागणारच नाही.

एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मायनर्स आणि वॉटरहाऊस यांनी १९८१ मध्ये दाखवलं की झोपेच्या वेळा फिरत्या असल्या तरी रोज चारेक तासांचा एक तुकडा ठरल्या वेळेला झोपलं, तर घड्याळ त्याला धरून राहतं, बाकीची झोप कुठेही घेतली तरी. आपल्याला हे रोज जमणार नाही. पण लाईन रात्री बाराला येत असेल तर दिवसाच्या आणि रात्रीच्या दोन्ही हप्त्यांत ८ ते १२ हा तुकडा सांभाळून पाहा. संध्याकाळी झोप येत नाही असं मी वर लिहिलं, ते घड्याळ उशिराचं असलेल्यासाठी. जो माणूस दोन्ही हप्त्यांत लवकर झोपतो त्याचं घड्याळ लवकरच्या बाजूला सरकतं आणि हळूहळू आठला झोप यायला लागते. याला पंधरा दिवस द्या. लाईन दहाला येत असेल तर हे जमणार नाही, मग दुपारची झोपच पक्की करा.

आणि शक्य असेल तर एकट्यानं रोज जाऊ नका. दोन धुरेवाल्यांनी रात्री वाटून घ्या.

---

सोयाबीनचा_सोबती (दुपारी ३:१०)

ठिबक असलेल्यांनी व्हॉल्व्ह ठरवून दिले आणि ऑटो स्टार्टर नीट बसवला तर रात्री जाणं पुष्कळ कमी होतं. फक्त लाईन येताच डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या की डीपी जळते. प्रत्येकानं स्टार्टरला वेगवेगळा उशीर लावून घ्यायचा. आमच्या डीपीवर आम्ही असंच ठरवलं.

---

धुऱ्यावरचा_पयस (सांजी ६:४०)

लाईन आमची बाराचीच हाये, त आठ ते बाराचं करून पायतो. आजच एक रोटी लवकर खाल्ली.

शेवटचं इचारतो ताई. पोट्टं बारावीले हाये. माह्यासंग ओलिताले येते, बॅटरी धरते, पाईप उचलू लागते. मले आधार होते. तो म्हणते मी दिवसा अभ्यास करून घेतो. न्यावं का त्याले?

---

गव्हाची_ओंबी (सायंकाळी ७:०५)

दादा, परीक्षा होईपर्यंत नेऊ नका. या वयात घड्याळ मुळातच उशिराकडे सरकलेलं असतं. मुलं रात्री लवकर झोपत नाहीत आणि सकाळी उठत नाहीत त्यात आळस कमी आणि वय जास्त असतं. त्यांना आठ ते दहा तास झोप लागते. दिवसभर वाचलेलं मेंदूत पक्कं बसण्याचं कामही झोपेतच होतं. रात्र जागून दिवसा वाचलेलं पेपरात आठवत नाही, आणि मग मूल स्वतःला ढ समजू लागतं. मी वर्गात दरवर्षी अशी मुलं बघते, हिवाळ्यात पहिल्या तासाला डोळे लाल घेऊन बसलेली. बारावीचा पेपर फेब्रुवारीत आहे. त्याला झोपू द्या.

---

धुऱ्यावरचा_पयस (सांजी ७:२५)

नाही नेत मंग. शेजारच्या धुरेवाल्याले आत्ताच फोन केला. एक रात मी दोघाइच्या मोटरी पायतो, एक रात तो. त्यानं हो म्हटलं. त्या घेण्याचंबी बोलतो त्याच्यासंग, वावरातच बसून बोलतो. झोपतो आता, बारा वाजता उठा लागते.